योरुबा शहरांमधले म्हातारे रस्त्यावर हात का पसरतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लागोसला नोकरीनिमित्त काही वर्षं राहून आल्यापासून नातेवाईक, मैत्रिणी, नवीन तिकडे चाललेली मंडळी सगळे हेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. हे सगळं नायजेरियाच्या नैऋत्य भागाबद्दल आहे, म्हणजे लागोस, इबादान, अबेओकुटा, ओशोगबो, आडो-एकिती ही योरुबा लोकांची शहरं. उत्तरेकडची किंवा इग्बो भागातली गोष्ट वेगळी आहे, ती इथे मिसळत नाही.

योरुबा लोकांमध्ये भीक मागायची परंपरा आहे का?

तशी नाही, आणि म्हणूनच हा विषय त्यांना फार टोचतो. कुठल्याही योरुबा माणसाला विचारा, तो पटकन म्हणेल आमचे लोक भीक मागत नाहीत, ते उत्तरेकडून आलेले हौसा लोक. इबादानला साबो म्हणून जुनी हौसा वस्ती आहे, तिथे अंध-अपंग भिकारी पिढ्यान्‌पिढ्या बसतात. त्यांना मुसलमान दात्यांकडून सारा मिळतो (सारा म्हणजे दान), त्याला एक धार्मिक मान्यता पण आहे. योरुबांकडे मात्र म्हण आहे, "इकू या जे एसीन", म्हणजे बेअब्रूपेक्षा मरण बरं. अशा समाजात सत्तरीची बाई आपल्या नातवाच्या वयाच्या परक्या पोरापुढे हात पसरते तेव्हा तिच्यावर काय वेळ आलेली असेल ते बघा, कारण एरवी हाच पोरगा तिला बघून पालथं पडून नमस्कार करणार, ही तिकडची रीत.

मग जुळ्यांच्या आया भीक मागतात म्हणतात ते काय?

ती जुनी प्रथा आहे आणि तिचा म्हाताऱ्यांच्या गरिबीशी संबंध नाही. योरुबांमध्ये जुळी फार होतात, ओयो राज्यातलं इग्बो-ओरा गाव तर त्यासाठी जगभर प्रसिद्ध आहे. जुळ्यांना ईबेजी म्हणतात, आणि भविष्य बघणाऱ्या बाबालाओने सांगितलं तर आई दोन्ही लेकरं घेऊन बाजारात गाणी म्हणत फिरायची, लोक पैसे द्यायचे, त्यात लाज नव्हती. आता मात्र सिग्नलला जुळी घेऊन बसणाऱ्या काही बायका नुसत्या पोटासाठी बसतात. कुणी प्रथा म्हणून आलंय आणि कुणी भुकेने, हे बाहेरच्याला कळत नाही.

मुलं बघत नाहीत का? एवढी पाच-सहा मुलं असतात ना एकेकाला?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि आपण सगळे इथेच चुकीचा निष्कर्ष काढतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

योरुबा समाजात मुलं हीच पेन्शन. ओकेते म्हणून एक मोठा रानउंदीर असतो, तो म्हातारा झाला की आपल्याच पिल्लाचं दूध पितो अशी त्यांची म्हण आहे, म्हणजे आज तू मुलांना पोस, उद्या ती तुला पोसतील. आजचे ऐंशीच्या आसपासचे लोक याच हिशोबाने जगले. 1955 मध्ये ओबाफेमी आवोलोवो यांच्या सरकारने पश्चिम विभागात मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. तेव्हा कोकोचे पैसे होते, इबादानला कोको हाऊस उभं राहिलं, आणि पोराला शिकवलं की तो सरकारी नोकरीला लागतो हे लोक डोळ्यांनी बघत होते. मग आयांनी बाजारात मिरच्या, कापड, तळलेले अक्कारा (चवळीचे वडे) विकून, आजो नावाच्या भिशीत पैसे टाकून सगळी कमाई मुलांच्या फीमध्ये घातली. स्वतःसाठी काही मागे ठेवायचं हे डोक्यातच नव्हतं, कारण ठेव म्हणजे मुलगाच.

आणि मग 1986 ला स्ट्रक्चरल अॅडजस्टमेंट नावाचा आर्थिक सुधारणांचा कार्यक्रम आला, नायरा (तिकडचं चलन) घसरला, सरकारी नोकरभरती आटली, कारखाने बंद पडत गेले. ज्या मुलाने आईला पोसायचं तो पन्नाशीत स्वतः डान्फो बसवर कंडक्टर आहे किंवा डिग्री घेऊन ओकाडा म्हणजे मोटारसायकल टॅक्सी चालवतोय, त्याच्या स्वतःच्या मुलांची फी थकलीये. तो महिन्याला आईला दोन-तीन हजार नायरा देतो, कधी देत नाही, आणि देता येत नाही म्हणून भेटायला पण जात नाही, कारण रिकाम्या हाताने आईकडे जाणं तिकडे मोठी लाज समजतात. शेजारी म्हणतात मुलगा फिरकत नाही, दगडाच्या काळजाचा आहे. मी बोलले त्या आज्यांपैकी बहुतेकींनी मुलाला एक शब्द वाईट बोलला नाही, "त्याचंच त्याला पुरत नाही" एवढंच.

निर्दयी मुलं नसतात असं नाही, असतात. पण एका पिढीने सगळी शिल्लक मुलांमध्ये घातली आणि देशाने त्या मुलांच्याच हातातलं काम काढून घेतलं, हे कारण माझ्या मते बाकी सगळ्या कारणांपेक्षा मोठं आहे.

पण परदेशात गेलेली मुलं पैसे पाठवतात ना?

ज्यांची गेली त्यांना पाठवतात, आणि त्या घरांना फरक पडतो. परदेशी निघून जाण्याला तिकडे 'जापा' म्हणतात, गेल्या काही वर्षांत हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी आहे. 2022 पासून ब्रिटनने केअर वर्कर लोकांना व्हिसा द्यायला सुरुवात केली तेव्हा किती तरी शिकलेले योरुबा तरुण तिथल्या वृद्धांना आंघोळ घालायला, औषधं द्यायला गेले, व्हिसा आणि एजंटच्या खर्चासाठी घरची जमीन विकून किंवा कर्ज काढून गेले. ते कर्ज फिटेपर्यंत घरी पैसे येत नाहीत, आणि आई-वडिलांची रोजची उठबस करायला घरात कुणी उरत नाही. पैसे आले तरी बँकेतून काढून आणायला, गोळ्या आणायला माणूस लागतो.

पेन्शन नाही का?

आहे, पण कुणाला ते बघा. 2004 च्या कायद्याने नोकरदारांसाठी कॉन्ट्रिब्युटरी पेन्शन आली, 2014 ला तो कायदा सुधारला, आणि जुन्या पद्धतीच्या केंद्र सरकारी पेन्शनरांसाठी 2013 मध्ये पीटॅड नावाची वेगळी यंत्रणा उभी केली. यात येतो तो सरकारी नोकर आणि मोठ्या कंपनीतला कामगार. बाजारात बसणारी, शेतावरची, शिवणकाम करणारी, गवंडीकाम करणारा, ड्रायव्हर, यांना काहीच नाही, आणि नायजेरियात बहुतेक लोक असेच कमावतात. असंघटित कामगारांसाठी 2019 मध्ये मायक्रो पेन्शन सुरू केली, पण ती आज कमावणाऱ्याने स्वतः पैसे भरायची योजना आहे, पंच्याहत्तरीच्या आजीला तिचा काय उपयोग.

ज्यांना पेन्शन आहे त्यांचीही कथा सरळ नाही. वर्षानुवर्षं थकलेली ग्रॅच्युइटी, आणि जिवंत आहात हे दाखवायला होणारं व्हेरिफिकेशन, ज्यासाठी काठी टेकत आलेली माणसं उन्हात तासन्‌तास रांगेत उभी राहायची आणि काही जण तिथेच कोसळायची. पीटॅडने अलीकडे ऑनलाईन 'आय अॅम अलाइव्ह' पडताळणी सुरू केली ते चांगलंच झालं, फक्त त्यासाठी स्मार्टफोनवाला नातू जवळ पाहिजे. आणि हातात येणारी रक्कम कित्येकदा तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या पगारावर ठरलेली असते, तिच्यात आज तांदूळ पण येत नाही.

रस्त्यावर म्हाताऱ्या बायकाच जास्त का दिसतात?

एक तर बायका नवऱ्यापेक्षा वयाने बऱ्याच लहान असतात, त्यामुळे विधवा होऊन बरीच वर्षं जगतात. दुसरं म्हणजे योरुबा रूढीप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोला वाटा नाही, वाटा मुलांना जातो. दोन-तीन बायका असतील तर प्रत्येक बायकोची मुलं मिळून एक फांदी धरतात आणि फांदीनिहाय वाटणी होते, याला ईदी-ईगी म्हणतात. म्हणजे बाई नवऱ्याच्या घरात राहते ती मुलांच्या जिवावर. जिला मूल नाही किंवा जिची मुलं तिच्या आधी गेली तिचा त्या घरावर काहीच जोर राहत नाही, दिराची माणसं गोड बोलून किंवा भांडून तिला बाहेर काढतात.

वर तिला चेटकीण ठरवलं तर विषयच संपला. घरात लागोपाठ मृत्यू झाले, नातवाची नोकरी गेली, कुणाला मूल होत नाही, की बोट एकट्या म्हातारीकडे जातं, आजे म्हणतात त्यांना. काही चर्चमधले स्वयंघोषित प्रॉफेट पण असल्या संशयाला खतपाणी घालतात, हे मला सगळ्यात चीड आणणारं वाटतं.

आणि म्हातारे पुरुष?

त्यांचं वेगळं. ज्याने तीन बायका केल्या आणि दोघींच्या मुलांची फी कधी भरली नाही, ती मुलं आईला सांभाळतात आणि बापाला विचारत नाहीत, कारण मुलं आईच्या बाजूने मोठी होतात. म्हणून घराण्यात नावाला पंधरा मुलं असलेला बाबा एकटा असतो. पुरुष सरळ भीक कमी मागतात. बरेचसे नीट इस्त्रीचा आग्बादा घालून बस स्टॉपवर येतात आणि म्हणतात पाकीट मारलं गेलं, इबादानपर्यंतचं भाडं पाहिजे. लोक याला फसवणूक म्हणतात. काही जण फसवणारे असतीलही, पण रिटायर्ड शिक्षकाला "भूक लागलीये" म्हणणं जमत नाही आणि "भाडं द्या" म्हणणं जमतं, हेही खरं आहे.

नक्की कुठे आणि कसं मागतात?

शुक्रवारी मशिदीबाहेर, रविवारी चर्चच्या गेटवर, बँकांच्या एटीएमजवळ, लागोसला ओशोडी आणि इडुमोटासारख्या गर्दीच्या ठिकाणी, इबादानला दुग्बे, मोकोला भागात. बहुतेक जणी आपल्या वस्तीपासून लांब जातात, दोन बस बदलून, म्हणजे ओळखीचं कुणी भेटू नये. डोक्याचं कापड ('गेले' म्हणतात त्याला) नीट बांधलेलं असतं, कपडे धुतलेले असतात. मागायच्या आधी आशीर्वाद येतो, तुझी मुलं जगोत, तू मोठ्या घरात राहशील, तुझ्या वाटेत काटा येणार नाही, असं एका दमात. योरुबा माणसाला वडीलधाऱ्याच्या आशीर्वादावर मनापासून विश्वास असतो, त्यामुळे तो थांबतोच.

आणि बरीचशी भीक भीक दिसतच नाही. इबादानच्या बोडिजा बाजारात उत्तरेकडून धान्याचे ट्रक येतात, पोती उतरवताना तांदूळ, चवळी, मका खाली सांडतो. तो झाडून गोळा करणाऱ्या बायका आहेत. एक आजी मी नीट बघितली, ट्रकच्या चाकाजवळ उकिडवी बसून छोट्या झाडूने माती आणि चवळी एकत्र ओढायची, पसरट ताटात पाखडायची, मग एकेक खडा वेचायचा. तिथे धान्य मोजायला टोमॅटो पेस्टचा रिकामा डबा वापरतात, त्याला देरिका म्हणतात. सकाळपासून दुपारपर्यंत तिचा एक देरिका पण भरला नव्हता. हमाल पोरं मधेच मूठभर चवळी मुद्दाम तिच्या बाजूला सांडायची आणि तिकडे न बघता निघून जायची. ती पण वर बघायची नाही. मागणं नाही आणि देणंही नाही असं दोघांनी ठरवल्यासारखं.

काही म्हाताऱ्या ओवांबे पार्ट्यांमध्ये, म्हणजे लग्न-बारशाच्या मोठ्या मेजवान्यांमध्ये, बिनबोलावता जातात, पाहुण्यांच्या घराण्याची ओरीकी म्हणजे स्तुतीची कवनं गातात आणि पाहुणे त्यांच्या कपाळाला नोटा चिकटवतात. ही कला आहे आणि तिला मान आहे. पण उपाशी पोटी गाणाऱ्या पण असतात त्यात.

हे सगळं अलीकडे वाढलंय का?

हो, 2023 नंतर फार. आधी त्या वर्षाच्या सुरुवातीला जुन्या नोटा बदलायचा गोंधळ झाला, रोख रक्कम गायब झाली, पीओएसवाले (कार्ड मशीनवर रोख काढून देणारे एजंट) लोकांचे स्वतःचेच पैसे काढून द्यायला भरमसाट कमिशन घ्यायचे, आणि जिला हातात रोख मिळते तीच बाई त्यात आधी उपाशी राहिली. (आपल्या नोटबंदीतून गेलेल्यांना वेगळं सांगायला नको.) मग मे 2023 ला नवीन राष्ट्राध्यक्ष टिनुबू यांनी शपथविधीच्याच दिवशी पेट्रोलची सबसिडी संपल्याचं जाहीर केलं, पेट्रोल दोनशे नायरांच्या आतून काही दिवसांत पाचशेच्या आसपास गेलं. जूनमध्ये नायरा मोकळा सोडला, डॉलर साधारण 460 वरून 2024 मध्ये 1,500 च्या पुढे. 2024 च्या मध्यात खाण्याच्या वस्तूंची महागाई सरकारी आकड्यांप्रमाणेच 40 टक्क्यांच्या वर होती. 2024 मध्ये किमान वेतन 30,000 वरून 70,000 नायरा केलं, म्हणजे तेव्हाच्या दराने आपले साधारण पावणेचार हजार रुपये, तेही ज्याला पगार आहे त्याला.

औषधांचं तर विचारूच नका. 2023 मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने नायजेरियातून गाशा गुंडाळला, औषधं आणखी महागली. बीपी-शुगरच्या गोळ्या बऱ्याचशा भारतातूनच जातात, पाकिटावर मेड इन इंडिया बघून मला बरं वाटायचं, पण त्या डॉलरमध्ये येतात, आणि तिकडे बहुतेकांना औषध स्वतःच्या खिशातून घ्यावं लागतं. मग म्हातारी माणसं एक दिवसाआड गोळी घेतात, आणि पॅरालिसिसचा झटका आला की रस्त्यावर बसायची वेळ येते.

फेब्रुवारी 2024 मध्ये लागोसच्या याबा भागात कस्टम्सने जप्त केलेला तांदूळ स्वस्तात विकायला काढला, 25 किलोची बॅग 10,000 नायरांना. एवढी झुंबड उडाली की चेंगराचेंगरीत माणसं मेली. तांदळासाठी.

या लोकांना घर नसतं का?

बहुतेकांना छप्पर असतं, हे लक्षात घ्या. इबादानच्या बेरे, ओजाबा, ओजे या जुन्या भागात गंजलेल्या पत्र्यांची अगबो-इले असतात, म्हणजे एका कुळाचे वाडे, त्यात म्हाताऱ्या माणसाला एक खोली मिळतेच, ती कुणी काढून घेत नाही. पण त्याच वाड्यात सगळेच गरीब. कुणाच्या घरी अमाला (कंदाच्या पिठाचा शिजवलेला गोळा) शिजला तर वाटीभर येतो, नाही तर गार पाण्यात गारी (कसाव्याचा भाजलेला रवा) भिजवून त्यावर दिवस काढायचा. म्हणून रात्री बेघरांसाठी निवारे काढून हा प्रश्न सुटत नाही, त्यांना लागतं ते रोजचं जेवण आणि औषध. लागोसमध्ये भाड्याने राहणाऱ्यांचं मात्र कठीण, तिथे भाडं एकदम वर्षाचं आगाऊ मागतात.

मेल्यावर मोठमोठ्या पार्ट्या करतात, मग जिवंतपणी का देत नाहीत?

हा प्रश्न योरुबा लोक स्वतःच एकमेकांना विचारतात, आणि रागाने विचारतात. म्हातारं माणूस गेलं की एकसारख्या कापडाचे आसो-एबी, बँड, शेकडो लोकांचं जेवण, कर्ज काढून करतात. कारण अंत्यविधी गावाला दिसतो आणि महिन्याची गोळी कुणाला दिसत नाही, अंत्यविधी चुकला तर पूर्ण घराण्याची नाचक्की होते. त्यात भाऊबंद, मित्र वर्गणी पण देतात, आणि तीच वर्गणी आजारपणात कुणी देत नाही. मला यात मुलांचा दोष कमी आणि समाजाच्या दबावाचा जास्त वाटतो, पण पटत नाही ते नाहीच.

सरकार काही करतं का?

राज्य पातळीवर चांगले प्रयत्न झालेत. एकिती राज्यात 2011 मध्ये गव्हर्नर (तिकडे निवडून येतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा) कायोदे फायेमी यांनी 65 वर्षांवरच्या गरीब वृद्धांना महिना 5,000 नायरा द्यायला सुरुवात केली. तेव्हाच्या दराने ते तीस-बत्तीस डॉलर होते, एका म्हाताऱ्या माणसाचं धान्य-तेल निघायचं. ओशुन राज्यात 'आगबा ओशुन' नावाने 10,000 नायरांची योजना होती. पण या योजना गव्हर्नरच्या असतात, राज्याच्या नाही, त्यामुळे गव्हर्नर बदलला की बंद. आणि आज तेच 5,000 नायरा म्हणजे जेमतेम तीन-चार डॉलर. केंद्राने वृद्धांसाठी नॅशनल सीनियर सिटिझन्स सेंटर कायद्याने उभं केलंय, पण सगळ्या म्हाताऱ्यांना दर महिन्याला ठरलेली रक्कम मिळेल अशी देशव्यापी योजना नाही, आणि माझं ठाम मत आहे की दुसऱ्या कशाने हे थांबणार नाही. कुटुंब कुटुंब म्हणत बसलात तर कुटुंबच उपाशी आहे.

दुसरीकडे पकडापकडी. लागोसमध्ये भिकाऱ्यांना उचलून इकोरोडूजवळच्या ओवुटूच्या पुनर्वसन केंद्रात नेतात, ओयो सरकारने इबादानच्या भिकाऱ्यांना शहराबाहेर आकिन्येलेला हलवलं. क्रिमिनल कोडमध्ये भीक मागणाऱ्याला आळशी आणि उनाड माणूस ठरवणारं कलम इंग्रजांच्या काळापासून आहे, आपल्याकडचा 1959 चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा त्याच जातकुळीचा. आयुष्यभर बाजारात डोक्यावर ओझं वाहिलेल्या बाईला आळशी म्हणणारा कायदा मला कधी समजणार नाही.

वृद्धाश्रम?

थोडे आहेत, लागोसच्या मुशीनमध्ये कॅथलिक सिस्टर्सचं रेजिना मुंडी बरंच जुनं आणि नावाजलेलं. पण आईला तिथे ठेवलं म्हणजे टाकून दिलं असंच लोक समजतात, त्यामुळे मुलं ठेवत नाहीत आणि आई जात नाही.

मी लागोसला राहते, समोर आजी आल्या तर काय करू? पैसे द्यायचे का?

द्या. खोटं बोलत असतील का वगैरे विचार करत बसू नका, त्या वयात कुणी हौसेने उन्हात उभं राहत नाही. काही गोष्टी मात्र सांभाळा. दोन्ही हातांनी किंवा उजव्या हाताने द्या, डाव्या हाताने देणं तिकडे अपमान आहे. आधी नमस्कार, "ए काआरो मा" सकाळी, "ए काआसान मा" दुपारी, बाबा असतील तर "सा". गाडीच्या खिडकीतून नोट फेकू नका. फोटो काढू नका, तिच्या वाड्यातल्या कुणी तो बघितला तर तिचं तोंड दाखवणं मुश्किल होईल.

त्याहून बरं म्हणजे जवळच्या खानावळवाल्या बाईशी, मामा-पुट म्हणतात तिला, महिन्याचा हिशोब लावून ठेवा की या आजी आल्या की वाढा. इलुपेजूला आपल्या बऱ्याच भारतीय फॅमिली राहतात, तिथल्या एक-दोघींनी असं केलेलं मला माहितीये आणि ते नीट चाललं, कारण खानावळीत बसून जेवणारी बाई गिऱ्हाईकच दिसते. गोळ्यांचं पण तसंच, केमिस्टकडे प्रिस्क्रिप्शन ठेवून पैसे थेट त्याला द्या. आणि तुमच्या घरी काम करणाऱ्या ताई किंवा ड्रायव्हर योरुबा असतील तर त्यांची आई गावाकडे काय खाते ते एकदा विचारा. त्यांचा पगार वाढवला तर ते पैसे आधी तिकडेच जातात.